कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या बाईची घरची काळजी: विदर्भातल्या गावांसाठी

म्हाताऱ्या बाईला कॅन्सर निघाला की घर आधी दवाखाना, पैसा आणि गाडी यांच्या मागे लागतं. ते लागावंच. पण किमोच्या दोन खेपांमधले बरेचसे दिवस ती घरात असते आणि तिचे हाल तिथेच होतात किंवा तिथेच टळतात. अडचण अशी की ती सांगत नाही. ‘कसं वाटते माय?’ विचारलं की ‘काई नाई होत मले’ एवढंच उत्तर. लेकाची पेरणी चालू आहे, सुनेला डवरणीच्या मजुरांचं पाहायचं आहे, आपल्यापायी खर्च होतो आहे, हे सगळं तिला दिसतं. डॉक्टरसमोरही ती तेच म्हणते, मग दुखण्याची गोळी वाढत नाही. म्हणून काळजीची सुरुवात औषधापासून नाही, विचारण्यापासून करायची.

विचारायचं कसं

‘कसं वाटतं’ हा प्रश्न बाद करा. ज्याला ‘काही नाही’ म्हणता येणार नाही असं विचारा. रात्री किती वेळा उठली? कोणत्या कुशीवर झोपता येत नाही? शेवटचं संडासला कधी झालं? सकाळी भाकर अर्धी गेली की चतकोर? गिळताना झोंबतं का? लघवीला जळजळ, अंगावरून जाणं, जागेचा वास हे प्रश्न बाईमाणसानंच आणि एकटं असताना विचारायचे. लेकासमोर, नातवासमोर ती मान हलवून नाहीच म्हणणार. घरात अशी बाई नसेल तर आशाताईंना सांगा.

दवाखान्यात दुखणं शून्य ते दहा आकड्यांत विचारतात. सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बायांना ते उमगत नाही, आणे मात्र पक्के कळतात. सोळा आणे म्हणजे जीव नकोसा करणारं दुखणं, आठ आणे म्हणजे निम्मं. ‘आता किती आणे दुखते?’ याला नेमकं उत्तर मिळतं. बसल्यावर एकदा, उठून चार पावलं चालल्यावर एकदा विचारा. पडून असताना दोन आणे आणि कूस बदलताना बारा आणे हे नेहमीचंच आहे, आणि डॉक्टरला तो बारा आण्यांचा आकडा कळायला हवा.

एक वही करा. रोज एक ओळ: दुखणं किती आणे, ताप, संडास, खाणं, झोप. आठवड्यातून एकदा वजन, दर वेळी त्याच काट्यावर. महिन्याभरात ४५ किलोचं वजन ४३ च्या खाली उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. तारखेला जाताना तोंडी सांगण्यापेक्षा ही वही डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.

दुखण्याची औषधं

कॅन्सरच्या दुखण्याची गोळी दुखल्यावर नाही, घड्याळावर द्यायची. दुखणं चढल्यावर दिलेली गोळी निम्मंच काम करते, मग घरचे म्हणतात गोळीनं फरक पडत नाही.

पॅरासिटामॉल ५०० ची गोळी चाळीस-पंचेचाळीस किलोच्या म्हातारीला डॉक्टरांना न विचारता दिवसात चारपेक्षा जास्त नको. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते धरून मोजा. गावात मिळणाऱ्या अंगदुखीच्या पुड्या आणि ‘दुखण्याचं इंजेक्शन’ टाळा. पुडीत काय आहे याचा पत्ता नसतो. डायक्लोफेनॅकसारखी औषधं म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला बाधतात, त्यात सिस्प्लॅटिनची किमो चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

पुढे मॉर्फिन लिहून दिलं की घर घाबरतं. ‘आता शेवट आला’ असा त्याचा अर्थ नाही. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. साधी गोळी चार तास काम करते, म्हणून ती चार-चार तासांनी असते. रात्रीची झोपमोड टाळण्यासाठी झोपतानाचा डोस कसा द्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले तीन-चार दिवस गुंगी आणि मळमळ राहते, मग ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. मॉर्फिन चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषध रोज चालू, हा नियम मोडू नका. हाक मारून, हलवूनही ती नीट जागी होत नसेल किंवा श्वास मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी झाला असेल तर पुढची गोळी थांबवा आणि १०८ ला फोन करा. एरवी गोळी एकाएकी बंद करू नका. ही गोळी सगळ्या मेडिकल दुकानांत मिळत नाही, बहुधा मान्यताप्राप्त दवाखान्यातच मिळते, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची सोय करा. डबा कुलपात, पोरांच्या हाताबाहेर.

पाठ नव्यानं दुखायला लागली आणि सोबत पाय लटपटतात, मुंग्या येतात किंवा लघवी अडली, तर हे म्हातारपणाचं दुखणं समजू नका. मणक्यातली नस दाबली जात असेल तर त्याच दिवशी उपचार लागतो. दोन दिवस तेल चोळण्यात गेले तर पाय परत येत नाहीत.

पोट

तीन दिवस संडास नाही म्हणजे फोन करायचा. घरात इसबगोल असतोच आणि तोच आधी दिला जातो. पण मॉर्फिनच्या बद्धकोष्ठावर, तेही पाणी कमी पिणाऱ्या बाईला, इसबगोल आतमध्ये घट्ट गोळा होऊन बसतो. तिथे सेन्ना किंवा बिसाकोडिल लागतं, डॉक्टर लिहून देतात. उलटीची ऑन्डान्सेट्रॉन गोळीही पोट बांधते, हे लक्षात असू द्या. एक फसगत हमखास होते: पाच-सहा दिवस संडास नाही आणि अचानक थोडं थोडं पाण्यासारखं कपड्यात गळायला लागतं. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. बहुतेक वेळा आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पाणी झिरपतं. नर्सकडून किंवा डॉक्टरकडून तपासून घ्या.

खरेच जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ताप आणि सातवा ते चौदावा दिवस

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्र असो की पोळा, निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. ताप उतरलेला दिसतो, जंतू मात्र रक्तात वाढत राहतात. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा कमी येतो, त्यामुळे काखेत शंभरच्या आसपास आणि थंडी वाजते आहे, तरी फोन करा. म्हाताऱ्या माणसाला कधी तापही येत नाही. ती एकाएकी बरळायला लागली, माणसं ओळखेना, दिवसा झोपूनच राहिली, तर ‘डोकं फिरलं’ म्हणू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

या दिवसांत सारवणं, शेणाच्या गोवऱ्या थापणं, गोठा झाडणं नको. भेगाळलेल्या हातांतून जंतू शिरतात. पाणी उकळून गार केलेलं. अंडं पूर्ण शिजलेलं. शिळं नको.

किमोनंतर ४८ तास तिची लघवी, संडास, उलटी यांत औषधाचा अंश असतो. ते साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी टाका, कपडे वेगळे दोनदा धुवा. एवढंच. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, किरणांचा शेक घेऊन आलेल्या बाईच्या अंगातून किरणं बाहेर येत नाहीत. तिचं ताट-ग्लास वेगळं काढलं तर ती काही बोलणार नाही, जेवण मात्र कमी करेल.

तोंड आणि ताट

तोंड आलं की खाणं थांबतं आणि खाणं थांबलं की पुढची किमो लांबते. एका ग्लासात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दर चार तासांनी गुळण्या. धुण्याचा सोडा नव्हे. कवळी गुळण्यांआधी काढायची आणि रात्री पाण्यात ठेवायची. जिभेवर पांढरा थर बसला तर डॉक्टरला दाखवा, बुरशीचं औषध लागू शकतं. तंबाखू, खर्रा, नस, गुडाखू यांतलं काहीही चालू असेल तर डॉक्टरला खरं सांगा. बाई लपवते आणि घरचे तिच्या वतीनं लपवतात. एका दिवसात सुटणार नाही, पण तोंडाला शेक चालू असताना तंबाखूनं जखम भरत नाही.

ठेचा, रस्सा, कच्चा कांदा काही दिवस बाजूला. मुगाची पातळ खिचडी, आंबील, दुधात कुस्करलेली भाकर, मऊ कण्या. मळमळ असेल तर फोडणीच्या वासापासून तिला लांब बसवा आणि जेवण कोमट किंवा गार द्या. उलटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास, उलटी झाल्यावर नव्हे. दोन वेळच्या ताटाऐवजी दर दोन-अडीच तासांनी वाटीभर.

सगळ्यात कमी पडतं ते प्रथिन. ४५ किलोच्या बाईला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास हवं. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण म्हणजे चौदाच्या आसपास, अर्धा लिटर दूध सोळा, मूठभर शेंगदाण्याचा कूट सात. अंडं चालत नसेल तर वरण-दूध वाढवा. महागडे पावडरचे डबे यानंतर. मात्र किडनीचं दुखणं असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. चतुर्थी आणि एकादशीचे उपवास किमोच्या काळात सोडायला सांगणं अवघड जातं. वाद घालण्यापेक्षा साबुदाण्याऐवजी दूध, राजगिरा आणि शेंगदाणा तिच्या उपवासात बसवा.

जडीबुटी, गुळवेलीचा काढा, कुणीतरी आणून दिलेली पावडर यांची भर घरोघर असते. गुळवेलीनं काहींच्या लिव्हरला इजा झालेली आहे, आणि किमोच्या औषधांवर काढ्यांचा काय परिणाम होतो हे पुडी बांधणाऱ्याला माहीत नसतं. देत असाल तर पुडी घेऊन डॉक्टरला दाखवा. लपवणं जास्त वाईट.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पाणी मोजून पाजा. हृदयाचं किंवा किडनीचं बंधन नसेल तर दिवसाला दोन लिटर, ताक-आंबील धरून. तहान लागेल तेव्हा पिऊ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा कळते.

छातीच्या ऑपरेशननंतरचा हात

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हातातलं पाणी उतरायची वाट अरुंद होते. मग त्या हाताला साधी जखमही महाग पडते. विदर्भात त्या जखमेचं पहिलं कारण कापूसवेचणी. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात आणि तिथून हात लाल, गरम होऊन चढतो. तिला वेचायला जायचंच असेल, आणि बऱ्याचदा मजुरीसाठी जावं लागतं, तर पूर्ण बाहीचा सदरा आणि सुती हातमोजे, परतल्यावर साबणानं हात धुऊन खोबरेल तेल. त्या हाताला इंजेक्शन, सलाईन, रक्तदाबाचा पट्टा शक्यतो नको. पाण्याची गुंड, गवताचा भारा दुसऱ्या हातानं. बांगड्या घट्ट झाल्या की सूज आलीच समजा. सवाष्ण बाई त्या काढायला तयार होत नाही. सगळ्या दुसऱ्या हातात भरा, या हाताला सैल दोरा बांधला तरी तिचं समाधान होतं. हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर अँटिबायोटिक त्याच दिवशी.

महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपनं दोन्ही हात मोजा: कोपराच्या वर १० सेंटिमीटर आणि खाली १० सेंटिमीटर. दोन हातांत २ सेंटिमीटरचा फरक पडला की दाखवा. सुरुवातीची सूज पट्ट्यांनी आणि मालिशीनं आटोक्यात येते, वर्षभराची जुनी सूज आणणं अवघड जातं.

खांदा आखडू नये म्हणून टाके आणि नळी निघाल्यावर, सर्जननं हो म्हटल्यावर, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंतीवर वर चढायचं, ताण जाणवला की थांबायचं आणि सावकाश उतरायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आज बोट कुठवर गेलं तिथे गेरूची खूण करा. खूण वर सरकताना दिसली की सांगावं लागत नाही, ती आपणहून करते. स्तन काढल्यावर एका बाजूनं हलकं झाल्यानं चालीत तोल जातो, मानही दुखते. जखम पूर्ण भरल्यावर ब्लाउजच्या आत सुती पिशवी शिवून त्यात कापूस आणि वजनाला थोडी मोहरी भरली तरी काम भागतं.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि न बोललेल्या गोष्टी

किरणांचा शेक आठवड्यातून पाच दिवस, सहसा पाचेक आठवडे चालतो. अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका. तिथे हळद, तेल, पावडर काही लावू नका. जळजळीला घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसणं बरं वाटतं. शेक संपल्यावर योनीमार्ग आकसतो. विधवा म्हाताऱ्या बाईला हे कुणी सांगतच नाही, ‘तिला काय करायचं’ म्हणून. पण मार्ग मिटला तर पुढची तपासणीच करता येत नाही आणि आजार परतला तरी उशिरा कळतो. डायलेटर (मार्ग मिटू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत नळी) कधीपासून वापरायचा, किती वेळ, हे नर्सकडून समजून घ्या. लघवी सतत गळत असेल किंवा योनीतून संडास येत असेल तर ते लगेच सांगण्यासारखं आहे, सहन करण्यासारखं नाही.

कॅन्सरची गाठ फुटून उघडी जखम झाली असेल तर वासानं घर दूर बसतं आणि बाई स्वतःहून गोठ्याकडे खाट नेते. वास घालवता येतो:

१. एक लिटर पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालून दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा. रोज ताजं करा.
२. दुखण्याची गोळी ड्रेसिंगआधी अर्धा-पाऊण तास द्या.
३. जुनी पट्टी ओढू नका, हेच पाणी ओतून भिजवून सोडवा. ओढली की रक्त येतं.
४. पाण्यानं हळू धुवा, चोळू नका. डेटॉल, हळद, राख नको.
५. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर भुरभुरा. दोन-तीन दिवसांत वास उतरायला लागतो.
६. उकळून उन्हात वाळवलेलं सुती कापड वरून, माशी बसणार नाही असं.

अगरबत्तीनं वास झाकला जात नाही, मळमळ वाढते. खिडकी उघडी ठेवा. जखमेत किडे दिसले तर तो कुणाचा दोष नाही. झाकून दवाखान्यात न्या, तिथे ते काढतात.

पडणं

किमोतल्या म्हाताऱ्या बाईचं मांडीचं हाड मोडलं तर कॅन्सरचा उपचार बाजूला राहतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला तिला बारा सेकंदांहून जास्त लागत असतील तर ती पडण्याच्या बेतात आहे. पडणं बहुधा रात्री परसाकडे जाताना होतं. खाटेजवळ कमोडची खुर्ची, उशाशी बॅटरी, आणि उठताना काठावर दोन मिनिटं पाय सोडून बसणं. झोळ पडलेली बाज दोन्हीकडून वाईट: उठताना तोल जातो आणि माकडहाडावर दाब पडून जखम होते. दोरी ओढून घ्या किंवा गादी सपाट पलंगावर टाका. झोपूनच असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि कंबर रोज पाहा. गोल रिंग उशी देऊ नका, तिच्या कडेवर जखम वाढते.

दिवस

जिला आयुष्यभर काम होतं तिला ‘तू फक्त आराम कर’ म्हणणं तिच्या जिवाला लागतं. शेंगा फोडणं, भाजी निवडणं, वाती वळणं हे तिचंच राहू द्या, बसून आणि तुकड्यातुकड्यानं. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं चालण्यानं थकवा कमी होतो, वाढत नाही. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना किंवा हरिपाठ तिचा नेहमीचा असेल तर न्या. पेशी कमी असलेल्या आठवड्यात मास्क लावून कडेला बसवा.

आजाराचं नाव तिला सांगायचं का, यावर घराघरांत भांडणं होतात. बहुतेक बायांना ते आधीच कळलेलं असतं, वॉर्डातल्या शेजारणीनं सांगितलेलं असतं. तिनं विचारलं तर खोटं बोलू नका, विचारलं तेवढंच सांगा. आणि पुढची किमो घ्यायची की थांबायचं, मरण आलं तर घरी की दवाखान्यात, हे तिला विचारल्याशिवाय लेकांनी ठरवू नये. पंधरा दिवसांहून जास्त काळ ती गप्प, जेवण नको, झोप नाही, ‘देव नेत का नाही’ असं असेल तर तेही उपचाराचं दुखणं आहे. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं.

पैसा, प्रवास, कागद

कॅन्सरचे दवाखाने म्हणजे नागपूरला मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या टोकाहून दर वेळी एवढं जाणं म्हातारीला किमोइतकंच थकवतं. पहिल्या भेटीतच विचारा की पुढच्या खेपा जिल्हा रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये (किमो घेऊन त्याच दिवशी घरी) होतील का. शेक असेल तर रोज ये-जा नको, जवळच्या धर्मशाळेत सोय मागा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. चौकशी १५५३८८ वर, दवाखान्यात आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम पाहणारा माणूस). सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं. नेहमी अडतं ते नावावर: आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, वयात पाच वर्षांचा फरक. दाखल होण्याआधी हे सेतू केंद्रात दुरुस्त करा. महिना १५०० रुपयांसाठी ६५ च्या आत संजय गांधी निराधार योजना, नंतर श्रावणबाळ योजना, अर्ज तहसीलला, दोन्हींना उत्पन्नाचा दाखला लागतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे माफ. रेल्वेत डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा सवलत फॉर्म दाखवला की स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. तिकीट खिडकीवरच काढा.

फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, कागद तारखेनं लावून, बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर. बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) यांची पावतीही त्यातच. दवाखाना बदलला तर आधी तेच मागतात.